पिंजाऱ्याचा दमा

१४ नोव्हेंबर २००६

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची. वर फुटलेलं बोंड, आत प्रत्येक पानाखाली कुठल्या अळीवर काय फवारायचं त्याचा सल्ला. माझ्या मुलीच्या, उमेराच्या, अब्बांना जानेवारीत कृषी केंद्रातून फुकट मिळाली आणि तेव्हापासून कोरीच पडली होती. आज आमचं पिंजण यंत्र सुरू झालं म्हणून मी ती ताब्यात घेतली. छापलेल्या तारखा खोडून आपल्या घालायच्या. मी इथल्या, पांढरकवड्याच्या, मराठी शाळेत शिकले, म्हणून लिहिणं मराठीत. घरातली बोली अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी.

हे, म्हणजे उमेराचे अब्बा, ट्रॅक्टर दुरुस्त करतात. पण यंदाही कापसाला भाव नाही, तर ट्रॅक्टर दुरुस्तीला कोण आणणार? गॅरेजमध्ये हे माशा मारत बसायचे. शेवटी आदिलाबादहून जुनं यंत्र आणलं आणि घराच्या पुढच्या खोलीत बसवलं. माझं माहेर पिंजाऱ्याचं. अब्बा हाताने रुई पिंजायचे, अम्मी गाद्यांना टाके घालायची. म्हणजे धंदा नवा असला तरी माझ्यासाठी जुनाच आहे.

माझी अम्मी, रहमतबी, माझ्याकडेच राहते. आज दारात खुर्ची टाकून बसली आणि यंत्रातून निघालेली पहिली रुई बोटांत चोळून म्हणाली, "मशीनची रुई म्हंजे नुसती भुकटी." उमेराचे अब्बा म्हणाले, "रहमतबीचं सर्टिफिकेट भेटलं, आता दुकान चाललंच समजा." सगळे हसलो. संध्याकाळी भरलेली गादी वरच्या फळीवर ठेवायला गेले तर उजवा हात वर जाईना. शेजारच्या विमलताईंनी ठेवली. त्या आमच्या खोळी शिवतात.

२३ नोव्हेंबर

गिऱ्हाईक येतंय. भाव नाही म्हणून काही जण जिनिंगमधून सरकी काढून रुईच घेऊन येतात. केळापूरचे एक काका आज म्हणाले, "विकून पैसा नाही येत, तर गाद्याच भरून द्या. झोप तं येईन." मी म्हटलं, झोपेची गॅरंटी आमची नाही.

हात अजून तसाच. गंमत म्हणजे डावा चांगला आहे, उजवाच रुसलाय. वेणी घालताना कोपर कपाटाला टेकवावं लागतं. पायऱ्या चढताना मांड्या भरून येतात. पिंडऱ्या मात्र पहिलवानासारख्या. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी पिंडऱ्या बघूनच पसंत केली होती, पोरगी कामाची आहे म्हणून. आता कुठे गेली ती कामाची पोरगी, विचारायला सासूबाई नाहीत.

५ डिसेंबर

दम लागतो. यंत्रापाशी अर्धा तास उभी राहिले की बसावंसं वाटतं. विमलताई घाबरल्या, पण अम्मीनं हसण्यावारी नेलं. "पिंजाऱ्याचा दमा हाय थो. माह्या सासूले होता, मले हाय, आता तुले आला. कायले घाबरतं?" रोज काम संपल्यावर गुळाचा खडा खायचा, म्हणजे नाकातोंडात गेलेली रुई पोटात उतरते. आमच्याकडे हे औषध पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. गूळ खाल्ला. गोड लागला, बाकी फरक नाही.

आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. म्हणून डोक्याखाली दोन उशा घेते. गादीवाल्याच्या घरात उशांना काय तोटा! अम्मी तर कित्येक वर्षं लोडाला टेकून बसूनच झोपते.

१२ डिसेंबर

आज तारिकची बरसी. माझा धाकटा भाऊ. सात-आठ वर्षांचा असताना पळता पळता पडायला लागला. मग जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत रोवत उठायचा. मग उठेचना. एकोणिसाव्या वर्षी गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्नायूंची बिमारी आहे, आईच्या रक्तातून मुलाला येते. मुलींना काही होत नाही.

त्यातलं "आईच्या रक्तातून" तेवढं अम्मीनं धरून ठेवलं. बरसीच्या दिवशी ती कुणाशी बोलत नाही. आजही भिंतीकडे तोंड करून बसली होती. आणि मी "मुलींना काही होत नाही" हे धरून ठेवलं. उमेरा झाल्यावर मी दुसरं मूल होऊ दिलं नाही. मुलगा झाला असता तर, ही भीती. आता उमेराला दिवस गेलेत. मी रोज दुआ मागते की तिला मुलगी होऊ दे. हे कुणाला सांगत नाही, कारण तिच्या सासरी बाभुळगावला सगळे मुलाची वाट बघतायत.

९ जानेवारी २००७

काल बाभुळगावला उमेराचा सतवासा झाला. सातव्या महिन्याची ओटी भरून आम्ही तिला पहिल्या बाळंतपणाला घेऊन आलो. एसटीच्या दोन पायऱ्या चढताना पोरगी धापा टाकायला लागली. तिची सासू हसून म्हणाली, "दोन जिवाची हाय, दम तं लागनच." मागच्या सीटवर मी धापा टाकत होते. मी एकाच जिवाची, तरी मला दम कशाचा, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

घरी आल्यावर आम्ही तिघी एका दिवाणावर बसून श्वास घेत होतो. उमेराचे अब्बा म्हणाले, "इथं तं भाताच फुंकून राह्यला." हसता हसता मला खोकला आला.

२१ जानेवारी

आज यंत्रापाशी डोळ्यापुढे अंधारी आली आणि मी रुईच्या ढिगातच पडले. लागलं नाही. रुईत पडून कुणाला लागलंय? उमेरा इतकी रडली की मीच तिला समजावत बसले.

गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, काम काय करता. रुई पिंजते म्हटल्यावर दुसरा प्रश्न विचारायची गरजच उरली नाही. दम्याचा पंप दिला. अम्मी म्हणाली, "मी सांगतलं तं गुळावर भागवत होती. डाक्टरनं सांगतलं तं खरं वाटलं." पंप ओढते आहे. पावलं सुजली आहेत, ती उभं राहून राहून सुजली असतील.

२९ जानेवारी

पंपाने काही होत नाही. उशा आता तीन. विमलताईंनी यवतमाळला एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलंय. हे म्हणतात चल. मी म्हणते उमेरा मोकळी झाल्यावर जाऊ. भांडलो. शेवटी हे म्हणाले, "बाळंतपणात तूच आडवी पडली तं पोरीले कोन पाहीन?" मग मी हो म्हटलं.

२ फेब्रुवारी

यवतमाळला जाऊन आले. जे झालं ते तसंच लिहिते, म्हणजे नंतर तरी कळेल.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोपताना उशा किती घेता?" मला हसूच आलं. मी म्हटलं, "मॅडम, आमचा धंदाच उशांचा." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तीन महिन्यांपूर्वी किती घेत होता?" मी सांगितलं, एक. त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, जमिनीवर बसा आणि उठून दाखवा. मी बसले. उठताना गुडघ्यावर हात गेला, मग मांडीवर, मग दुसऱ्या मांडीवर. अर्ध्यात मला तारिक दिसला. अगदी तसाच उठायचा तो. मी त्यांना गंमत म्हणून सांगितलं, माझा भाऊ असाच उठायचा. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तारिकबद्दल सगळं विचारलं.

मग छातीवर थंडगार जेली लावून मशीनवर हृदय बघितलं. पडद्यावर काहीतरी करडं करडं हलत होतं. ते माझं हृदय म्हणे. ते मोठं झालंय आणि रक्त नीट फेकत नाही. तुम्हाला दमा नाही, म्हणाल्या. दम हृदयामुळे लागतो आणि हातापायांची कमजोरी आहे ती तारिकचीच बिमारी.

मी म्हटलं, "पण ती मुलग्यांना होते."

"मुलग्यांना जोरात होते. तो दोष ज्या बायकांमध्ये असतो, त्यातल्या कित्येकींना काहीच होत नाही. काहींचे हातपाय कमजोर होतात, काहींचं हृदय. तुमचं दोन्ही झालंय. गोळ्या सुरू करू. हृदयाला सांभाळता येतं."

मग विचारलं, घरात आणखी बायका कोण? मी म्हटलं, मुलगी आहे, पण ती पोटुशी आहे. आई आहे, पण तिला दमा आहे.

त्या म्हणाल्या, "दोघींना घेऊन या. मुलीला आधी. बाळंतपणात हृदयावर खूप ताण येतो." मी म्हटलं, मोकळी झाली की आणते. त्या म्हणाल्या, "मोकळी व्हायच्या आधी."

३ फेब्रुवारी

काही समजत नाही. इतकी वर्षं एकच गोष्ट पक्की माहीत होती. आता तीही गेली. बिमारी माझ्यात होती, तर लहानपणापासून मी गाद्या कशा उचलल्या? आणि आज उचलता येत नाहीत ते बिमारीमुळे की आता माहीत झालं म्हणून? रुईनं दमा होतो हेही खोटं नाही. अब्बांना झाला होता. मग माझा कुठला आणि त्यांचा कुठला?

खरं फक्त यांना सांगितलं; अम्मीला आणि उमेराला म्हटलं, यवतमाळच्या गोळ्या दम्याच्याच आहेत. अम्मीला कसं सांगू? तिच्या रक्तातून एक मुलगा गेला, आता मुलगीही त्याच वाटेवर आहे, असं? आणि उमेराच्या सासरी कळलं तर काय म्हणतील, हा विचार डोक्यातून जात नाही. उमेराचे अब्बा म्हणाले, "पोरीले तं काही तरास नाही ना? बाळंतपन होऊ दे. मंग दाखवू." मला एकदम बरं वाटलं. मी हो म्हटलं. डॉक्टर काय, सांगतातच सगळं जास्तीचं.

८ फेब्रुवारी

आज दुपारी जेवण झाल्यावर उमेरा दुकानात आली आणि म्हणाली, "मम्मी, नानीसारखा लोड दे ना मले. आडवी झाली का जीव घाबरून राह्यला." विमलताई शिलाई मशीनवरून म्हणाल्या, "आठव्यात तं सारायलेच होते तसं." उमेरा लोड घेऊन गेली. थोड्या वेळाने मी तिच्या मागे गेले. नानी आणि नात शेजारी शेजारी बसून झोपल्या होत्या, दोघींची तोंडं उघडी, दोघींचे पाय सुजलेले.

मी उमेराला उठवलं. म्हटलं, खाली बस आणि ऊठ बरं. तिला वाटलं मी वेडी झाले. पण बसली. उठताना हात मांडीवर ठेवला. आता पोटुशी बाई तशीच उठते. मीसुद्धा तेव्हा तशीच उठले असेन. मग मी काय बघितलं? बिमारी बघितली की पोट बघितलं? सारखं वाटतंय की मी उगाच भूत उभं करते आहे. आणि सारखं वाटतंय की मी पाच दिवस मूर्खासारखी गप्प बसले.

यांना म्हटलं, उद्या जीप सांगा. हे लगेच चप्पल घालून बाहेर पडले. मग उमेराला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "बाळाला?" मी म्हटलं, माहीत नाही.

अम्मी जागी होती. कधीपासून, कोण जाणे. म्हणाली, "मी बी येतो."

९ फेब्रुवारी

उमेराचं हृदय कमजोर आहे. माझ्याइतकं नाही, पण आहे. बाळंतपण पांढरकवड्यात करायचं नाही, यवतमाळलाच, मोठ्या दवाखान्यात, हृदयाचे डॉक्टर हजर असताना. तोवर चालणं कमी, मीठ कमी, गोळ्या वेळेवर. रक्तही तपासायला बाहेरगावी पाठवलं. मी विचारलं, आम्ही बाळंतपणानंतर आलो असतो तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आलात ना. तेवढं पुरे." पुढचं मी विचारलं नाही.

अम्मी अर्ध्या जिन्यात बसली होती. सिस्टर तिला चाकाच्या खुर्चीत बसवायला गेली तर म्हणाली, "मले नाही, माह्या नातीले पाहा. मले तं निस्ता दमा हाय." तपासून घे म्हटलं तर हात झटकला.

परत येताना जीपमध्ये तिनं विचारलं, "म्हंजे माह्यातून तारिकले गेलं, तुले गेलं, तुह्यातून हिले?" मी म्हटलं, अम्मी, यात कुणाचा दोष नसतो. उमेराच्या सासरी फोन यांनीच केला. तिची सासू रडली, ओरडली, आणि मग विचारलं कोणत्या दवाखान्यात यायचं. मी उगाच तिला इतकी घाबरत होते.

२५ फेब्रुवारी

यंत्र आता हेच चालवतात. रुई खूप उडवतात, खोळीत कमी भरतात. मी खुर्चीवर बसून ओरडते. माझी सूज उतरली, उशा दोनवर आल्या. मग गोळ्यांनी आराम पडला म्हणजे बिमारी आहेच. आराम पडल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

१८ मार्च

उमेराला मुलगी झाली. दोघी सुखरूप. बाळ पोटात असताना जितके डॉक्टर तिच्याभोवती होते तितके लग्नात पाहुणे नव्हते, असं जावई म्हणाले.

आता सगळे म्हणतायत, अल्लाचं करम, मुलगी झाली, सुटलो. उमेराच्या सासूने दवाखानाभर पेढे वाटले. तिला मुलगा हवा होता, पण डॉक्टरांचं ऐकल्यापासून तीही मुलगीच मागत होती. हेही खूश. मीच ही दुआ मागितली होती. रोज मागितली होती. आणि आता ते लालबुंद तोंड बघून मला काय वाटायला पाहिजे तेच कळत नाही. मुलगा नाही म्हणून हसू की मुलगी आहे म्हणून घाबरू? मी सगळ्यांबरोबर पेढा खाल्ला.

१० एप्रिल

आज यवतमाळला तपासणीचा दिवस. उमेराचं रक्ताचं आलं. दोष तिच्यात आहे. बाळाचं इतक्यात बघायचं नाही, मोठी झाल्यावर तिला विचारून बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हृदय मात्र दोघींचं टिकून आहे.

पण मला लिहायचंय ते त्याच्या आधीचं. आम्ही बाहेरच्या बाकावर ओळीने बसलो होतो. मी, उमेरा, तिच्या मांडीवर बाळ आणि शेवटी अम्मी. ती बाळाला सोडून राहायला तयार नव्हती, म्हणून आणली होती. सिस्टर कागद घेऊन आली. "पहिले कोणाचं घेऊ?"

अम्मी म्हणाली, "माहं घे. रहमतबी."

मी म्हटलं, "अम्मी, तुला तर नको होतं."

"नोको होतं. आता पायजे." काठी टेकून ती उठली, थांबली, श्वास घेतला. मग माझ्या कानाशी वाकली. "वीस वर्सं झाले त्या पोट्ट्याले जाऊन. मी त्याले बिमारी देल्ली आन सोता चांगली राह्यली, हेच खाऊन राह्यलं मले. माह्यातबी असंल तं मी एकटी सुटली नाही." आत गेली.

मी दाराकडे बघत बसले. तिला काही निघू नये, असं मी मनात म्हणत होते. ती आत झोपून काय मागत असेल ते मला माहीत होतं. एकाच वेळी दोघींची दुआ कशी कबूल होणार?

ती बराच वेळाने बाहेर आली. ओढणी नीट केली, बसली, उमेराकडून बाळ मागून घेतलं.

"मले बी हाय," म्हणाली. "लय दिसापासून हाय म्हंते. दमा नाहीच म्हंते थो."

आणि रडायला लागली. तारिक गेला तेव्हा ती रडली नव्हती. आज मात्र बाळाच्या दुपट्यात तोंड घालून मोठ्याने रडली, बाकावरचे सगळे बघत होते तरी. मी तिच्या पाठीवरून डावा हात फिरवत राहिले. मला भीती वाटत होती आणि तिच्यासाठी बरंही वाटत होतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं ते मला सांगता येत नाही.